युरोपातली सोयरीक आणि भाऊबंदकी: एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच लांबलचक मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून आला. त्याचं सार असं: ‘मराठ्यांना भाऊबंदकीने बुडवलं. युरोपातले राजे मात्र शहाणे. त्यांनी एकमेकांच्या घरात मुली दिल्या आणि करून घेतल्या. डेन्मार्क, स्वीडन, जर्मनीतले ड्यूक हे सगळे एकच कुटुंब झाले. म्हणून उत्तर युरोपात शांतता नांदली.’ पुढे त्याच सुरात आणखी विधानं आहेत. मुलगी दिली की तह पक्का व्हायचा. ड्यूक म्हणजे राजाच्या हाताखालचा जहागीरदार. मुली बिचाऱ्या प्यादी. हुंड्यात अख्खी बेटं दिली जायची. आणि शेवटी, नात्यात लग्नं करकरून ही घराणी वेडी होऊन संपली.

मी हे सोडून दिलं असतं. पण माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी हाच मजकूर जसाच्या तसा पाठ केलेला ऐकला आणि राहवलं नाही. डेन्मार्क-स्वीडनचा सोळाव्या ते अठराव्या शतकाचा इतिहास मी बरीच वर्षं वाचत आले आहे. त्यातला एकेक धागा ओढला तर या मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य उसवतं. म्हणून हे उत्तर, मुद्द्याला मुद्दा धरून.

‘सगळे एकाच कुटुंबातले, म्हणून युद्धं झाली नाहीत.’

इथे मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे. इंग्रजीत सगळ्यांना ‘कझिन’ म्हणून मोकळं होतात. आपल्याकडे मामेभाऊ वेगळा, मावसभाऊ वेगळा, आतेभाऊ वेगळा. त्या शब्दांत मांडलं की चित्र लख्ख दिसतं.

डेन्मार्कचा राजा तिसरा फ्रेडरिक १६७० मध्ये वारला. त्याच्या मागे मुलगा पाचवा क्रिस्टियान गादीवर आला. मुलींपैकी आना सोफी जर्मनीतल्या सॅक्सनीच्या इलेक्टर घराण्यात गेली (इलेक्टर म्हणजे जर्मन सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा), फ्रेडरिका अमालिया डेन्मार्कच्या दक्षिणेला लागून असलेल्या होल्स्टाइन-गॉटॉर्पच्या ड्यूककडे, आणि उलरिका एलिओनोरा स्वीडनच्या अकराव्या चार्ल्सकडे. आता पुढची पिढी बघा. क्रिस्टियानचा मुलगा डेन्मार्कचा चौथा फ्रेडरिक. आना सोफीचा मुलगा ऑगस्टस, जो सॅक्सनीचा इलेक्टर आणि १६९७ पासून पोलंडचा राजाही होता. फ्रेडरिकाचा मुलगा गॉटॉर्पचा ड्यूक. त्याचंही नाव फ्रेडरिक आणि तोही चौथाच, म्हणून त्याला मी ड्यूक फ्रेडरिक म्हणेन. आणि उलरिकाचा मुलगा स्वीडनचा बारावा चार्ल्स. ऑगस्टस, ड्यूक फ्रेडरिक आणि चार्ल्स हे तिघे सख्खे मावसभाऊ. डेन्मार्कचा फ्रेडरिक हा तिघांचाही मामेभाऊ. चौघांचे आजी-आजोबा एकच.

१७०० साली काय झालं? फेब्रुवारीत ऑगस्टसच्या सॅक्सन फौजा चार्ल्सच्या ताब्यातल्या रिगा शहरावर चालून गेल्या. मार्चमध्ये डेन्मार्कच्या फ्रेडरिकने गॉटॉर्पच्या मुलखात सैन्य घुसवलं आणि ट्योनिंगच्या किल्ल्याला वेढा घातला. चार्ल्सने उन्हाळ्यात थेट कोपनहेगनच्या बेटावर फौज उतरवली, तेव्हा ऑगस्टमध्ये ट्राव्हेंडालचा तह करून डेन्मार्कने माघार घेतली. रशियाचा पीटरही या युद्धात होता, आणि गंमत अशी की त्या वेळी नात्याबाहेरचा असा तो एकटाच. बाकी एकमेकांचे गळे धरणारे मामे-मावस भाऊ. ‘ग्रेट नॉर्दर्न वॉर’ नावाचं हे युद्ध २१ वर्षं चाललं.

जुलै १७०२. दक्षिण पोलंडमधलं क्लिशुव्ह नावाचं गाव. एका बाजूला ऑगस्टसची फौज, दुसऱ्या बाजूला चार्ल्सची. चार्ल्सबरोबर ड्यूक फ्रेडरिक घोड्यावर आहे. तो त्याचा मावसभाऊ तर आहेच, पण १६९८ मध्ये चार्ल्सची थोरली बहीण हेडविग सोफिया त्याला दिलेली असल्यामुळे मेहुणाही आहे. (मावसभाऊ-बहिणीचं लग्न हे आपल्या कानाला खटकतं, तिथल्या लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरचा प्रोटेस्टंट पंथ मानणाऱ्या, राजघराण्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.) लढाईत तोफेचा गोळा लागून ड्यूक फ्रेडरिक ठार झाला. तोफ होती दुसऱ्या मावसभावाच्या सैन्याची. त्याचं वय होतं ३०. स्टॉकहोममध्ये हेडविग सोफियाच्या पदरी दोन वर्षांचा मुलगा होता. या मुलाचं नाव लक्षात ठेवा: कार्ल फ्रेडरिक. शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

हे एकच उदाहरण आहे असं वाटत असेल तर मागे जाऊ. स्वीडनच्या गुस्ताव अडोल्फची आई क्रिस्टिना गॉटॉर्पची मुलगी, म्हणजे डेन्मार्कच्या राजघराण्याच्या भाऊबंदांपैकी. तरी १६११ ते १६१३ स्वीडन आणि डेन्मार्क कालमारच्या युद्धात एकमेकांवर तुटून पडले होते. पोलंडचा राजा सिगिसमुंड हा गुस्तावचा सख्खा चुलतभाऊ. सिगिसमुंड आधी स्वीडनचाही राजा होता. १५९९ मध्ये त्याला पदच्युत करून त्याचा काका, म्हणजे गुस्तावचा बाप, सत्तेवर आला. स्वीडनच्या गादीवरचा हक्क सिगिसमुंडच्या घराण्याने सोडला तो थेट १६६० मध्ये, ऑलिव्हाच्या तहात. काका-पुतण्याचं भांडण साठ वर्षं पुरलं. याला भाऊबंदकीखेरीज मराठीत दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

‘मुलगी दिली की तह पक्का.’

मजकुराचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबते. मुलगी देताना तह व्हायचा हे खरं. पण सोयरीक झाल्यावर जावयाच्या हातात जे पडायचं त्याला हक्क म्हणतात. बायकोच्या माहेरावर, तिच्या भावाच्या वारशावर, तिच्या बापाच्या सीमातंट्यावर बोलण्याचा हक्क. ज्याला हक्क मिळतो त्याला भांडायला कारणही मिळतं. गॉटॉर्पची हकिगत क्रमाने पाहिली की हे समजतं.

श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे डेन्मार्कच्या दक्षिणेचे दोन प्रांत. १४६० मध्ये तिथल्या सरदारांनी डेन्मार्कच्या पहिल्या क्रिस्टियानला आपला धनी निवडलं. रीबेच्या करारात त्यांनी लिहून घेतलं की हे दोन प्रांत ‘सदैव अविभक्त’ राहतील. अविभक्त कुटुंबाचं जे होतं तेच झालं. तीसच वर्षांनी, १४९० मध्ये, क्रिस्टियानच्या दोन मुलांनी वाटणी केली. १५४४ मध्ये तिसऱ्या क्रिस्टियानने आपल्या दोन सावत्र भावांबरोबर पुन्हा वाटणी केली. ही वाटणी नकाशावर एक रेघ ओढून झालेली नाही. तिघांच्या उत्पन्नाचा मेळ बसावा म्हणून तालुक्यांएवढे तुकडे पाडले, आणि राजाचा एक तुकडा, त्याला लागून ड्यूकचा, मग पुन्हा राजाचा, असे ते विखुरले. सरदारांवरचा कारभार सामाईक ठेवला. सामाईक विहीर आणि सामाईक बांध काय करतो हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पुढे तिघांपैकी एक निपुत्रिक वारला, त्याचा वाटा उरलेल्यांत वाटला गेला, आणि राजा व गॉटॉर्पचा ड्यूक असे दोघे समोरासमोर उरले.

आता सोयरिकी मोजा. १६५४ मध्ये गॉटॉर्पच्या ड्यूकने आपली मुलगी हेडविग एलिओनोरा स्वीडनच्या दहाव्या चार्ल्सला दिली. डेन्मार्कच्या पाठीला स्वीडनचा खंजीर लावून ठेवला. चार वर्षांनी, १६५८ च्या हिवाळ्यात, या जावयाने गोठलेल्या समुद्रावरून फौज चालवत नेली आणि डेन्मार्कला रोस्किल्डच्या तहात गुडघे टेकायला लावले. स्कोने, हालांड, ब्लेकिंग हे डेन्मार्कचे प्रांत स्वीडनकडे गेले आणि आजही तिथेच आहेत. सासऱ्याला काय मिळालं? श्लेस्विगच्या आपल्या वाट्यावर डेन्मार्कच्या राजाचं वरिष्ठपण झुगारून पूर्ण स्वातंत्र्य. म्हणजे सोयरीक कामाला आली. शांततेच्या कामाला मात्र आली नाही.

डेन्मार्कने हिशेब चुकता करायला घेतला तो १६६७ मध्ये, तोही सोयरिकीने. राजाची मुलगी फ्रेडरिका अमालिया गॉटॉर्पचा नवा ड्यूक क्रिस्टियान आल्ब्रेष्ट याला दिली. आता तरी दोन्ही घरं एक होतील अशी आशा होती. १६७५ मध्ये तिचा भाऊ पाचवा क्रिस्टियान राजा असताना त्याने या मेहुण्याला रेंड्सबुर्गच्या किल्ल्यात भेटीला बोलावलं. तेवढ्यात जर्मनीत फेरबेलिनला स्वीडनचा पराभव झाल्याची बातमी आली. ड्यूकचा पाठीराखा लंगडा पडला हे दिसताच किल्ल्याचे दरवाजे बंद झाले आणि पाहुणा कैदी झाला. जे स्वातंत्र्य १६५८ मध्ये मिळालं होतं ते त्याच्याकडून सहीनिशी परत लिहून घेतलं. ट्योनिंगचा किल्लाही काढून घेतला. ड्यूक पुढे निसटून हॅम्बर्गला जाऊन राहिला. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला घरी बोलावून कोंडण्याचा हा प्रसंग त्या मजकुरात बसवून दाखवावा.

त्याच १६७५ च्या उन्हाळ्यात धाकटी बहीण उलरिका एलिओनोरा आणि स्वीडनचा अकरावा चार्ल्स यांचा साखरपुडा झाला. काही महिन्यांत दोन्ही देशांत युद्ध पेटलं. डिसेंबर १६७६ मध्ये लुंडच्या लढाईत एका बाजूला तिचा भाऊ होता, दुसऱ्या बाजूला होणारा नवरा. दोघेही राजे जातीने रणांगणात, आणि हजारो माणसं बर्फात पडली. उलरिकाने साखरपुडा मोडला नाही. डेन्मार्कमध्ये असलेल्या स्वीडिश युद्धकैद्यांच्या मदतीसाठी तिने आपले दागिने गहाण टाकले. १६७९ च्या लुंडच्या तहानंतर, मे १६८० मध्ये हालांडमधल्या स्कॉटॉर्प इथे लग्न लागलं. हालांड म्हणजे तिच्या बापाने गमावलेला प्रांत. आणि १६८४ मध्ये, लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच, तिच्या भावाने गॉटॉर्पचा श्लेस्विगमधला वाटा पुन्हा गिळला. १६८९ मध्ये युरोपातल्या मोठ्या सत्तांच्या दबावाखाली तो सोडावा लागला. अकरा वर्षांनी पुढच्या पिढीने क्लिशुव्हपर्यंत नेणारी लढाई सुरू केली.

‘ड्यूक म्हणजे जहागीरदार.’

थोडक्यात सांगते, कारण वर बरंचसं आलंच आहे. डेन्मार्कचा राजा स्वतःच श्लेस्विग आणि होल्स्टाइनचा ड्यूक होता. श्लेस्विगवर डेन्मार्कच्या गादीचं वरिष्ठपण होतं, पण होल्स्टाइन जर्मन साम्राज्यात मोडायचं, म्हणजे तिथे राजा आणि गॉटॉर्पचा ड्यूक दोघेही सम्राटाच्याच हाताखाली, एका पायरीवर. याचा परिणाम कागदापुरता नव्हता. १६२५ मध्ये चौथा क्रिस्टियान तीस वर्षांच्या युद्धात उतरला तेव्हा डेन्मार्कच्या मंत्रिमंडळाचा त्याला विरोध होता. तो उतरला होल्स्टाइनचा ड्यूक म्हणून. १६२६ मध्ये लुटर इथे त्याचा मोठा पराभव झाला. सम्राटाच्या फौजा डेन्मार्कच्या मुख्य भूमीत शिरल्या तेव्हा मात्र झळ सगळ्या राज्याला बसली. त्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे सख्खा भाचा, गॉटॉर्पचा ड्यूक होता. तो मामाच्या मदतीला न जाता तटस्थ राहिला. जहागीरदाराला ही मुभा नसते.

‘मुली बिचाऱ्या प्यादी.’

या विधानाचा मला खरोखर राग येतो, कारण त्यात कळवळा दिसतो आणि बाई मात्र पुसली जाते. मुलींची लग्नं राजकारणासाठी ठरत हे निर्विवाद. चार-पाच वर्षांच्या पोरींचे साखरपुडे झालेले आहेत. पण लग्न ही त्यांच्या कामाची सुरुवात असायची, आणि अनेकींनी ते काम पुरुषांना घाम फुटेल असं केलं.

मेक्लेनबुर्ग-ग्युस्ट्रोच्या ड्यूकची मुलगी सोफी. १५७२ मध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या फ्रेडरिकला दिली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि नवरा अडतीसचा. १५८८ मध्ये ती विधवा झाली. थोरला मुलगा क्रिस्टियान अजून अकराचाही नव्हता. धाकट्या मुलांचा श्लेस्विग-होल्स्टाइनमधला वाटा आणि राजाच्या वतीने कारभार यावरून तिने दरबाराशी उघड भांडण मांडलं. दरबाराने तिला बाजूला केलं आणि ती फाल्स्टर बेटावर न्युकोबिंगला जाऊन राहिली. विधवेचा चरितार्थ म्हणून मिळालेल्या तिथल्या जमिनी तिने अशा कसल्या की ती उत्तर युरोपातल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक झाली. धान्य विकलं, गुरं विकली, व्याजाने पैसे लावले. पुढे ज्या मुलाच्या दरबाराने तिला दूर केलं तो राजा चौथा क्रिस्टियान तिच्याचकडून कर्ज काढून लढाया लढला. १६३१ मध्ये ती वारली तेव्हा नव्वद टक्के पुरुष नातेवाइकांपेक्षा तिचा शब्द जड होता असं म्हटलं तर माझी आकडेवारी कच्ची ठरेल, पण वजन तेवढंच होतं यात मला शंका नाही.

तिची मुलगी ॲन स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सला दिली. ऑगस्ट १५८९ मध्ये क्रोनबोर्गच्या किल्ल्यात जेम्सच्या प्रतिनिधीसमोर लग्न लागलं. नवरीचं गलबत वादळात सापडून नॉर्वेला लागलं. जेम्स स्वतः समुद्र ओलांडून गेला आणि २३ नोव्हेंबरला ऑस्लोमध्ये पुन्हा लग्न लागलं. हिवाळा दोघांनी सासुरवाडीला काढला आणि मे १५९० मध्ये लीथच्या बंदरात उतरले. त्यानंतरची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. डेन्मार्कचा दर्यासारंग पेडर मुंक नवरीला सोडून लगेच परतला नाही. जेम्सने ॲनला लग्नाची भेट म्हणून फॉकलंड, लिनलिथगो, डनफर्मलिन या वाड्यांची आणि जमिनींची मिळकत दिली होती. मुंक त्या जागी स्वतः गेला आणि तिथली माती नि दगड हातात घेऊन त्याने राणीच्या नावाने कबजा घेतला. माहेरच्या माणसाने मुलीच्या नावावर चढलेल्या जमिनीची माती मुठीत धरलेली आहे. प्याद्यासाठी कुणी कबजेपट्टी करत नाही.

आना, प्रशियाच्या ड्यूकची मुलगी. ब्रांडेनबुर्गच्या पुढे इलेक्टर झालेल्या राजपुत्राशी १५९४ मध्ये लग्न झालं. तिच्यामुळे ब्रांडेनबुर्गला प्रशियाचा वारसा मिळाला, आणि तिच्या आईकडून पश्चिम जर्मनीतल्या क्लेव्हवरचा हक्कही. १६१९ च्या अखेरीस नवरा वारला, मुलगा गेओर्ग विल्हेल्म गादीवर आला. स्वीडनचा गुस्ताव अडोल्फ त्याच्या बहिणीला, मारिया एलिओनोराला, मागणी घालत होता. मुलाचा नकार होता. प्रशियासाठी त्याचा धनी पोलंडचा राजा, आणि तो गुस्तावचा वैरी चुलतभाऊ. १६२० मध्ये गुस्ताव ‘कॅप्टन गार्स’ असं नाव घेऊन गुपचूप जर्मनीत आला. हे नाव त्याच्या लॅटिन नावाची नि पदवीची आद्याक्षरं जोडून केलेलं होतं. आईने मुलाला न जुमानता मुलगी त्याच्या हद्दीबाहेर काढली आणि नोव्हेंबरमध्ये स्टॉकहोमला लग्न लावून दिलं. इथे प्यादं कोण होतं? राज्याचा इलेक्टर हात चोळत बसला आणि त्याची आई डाव खेळून मोकळी झाली.

आणि वर आलेली गॉटॉर्पची हेडविग एलिओनोरा. १६६० मध्ये नवरा अचानक वारला. मुलाच्या अज्ञानपणी कारभार पाहणाऱ्या मंडळात तिला दोन मतं होती, बाकीच्यांना एकेक. मुलगा राजा झाला तरी दरबारात पहिलं स्थान तिचंच राहिलं. डॅनिश सून उलरिका कायम तिच्या सावलीत. १६९७ मध्ये मुलगा गेला तेव्हा नातवाच्या वतीने पुन्हा तीच. १७१५ मध्ये ती वारली. स्टॉकहोमजवळचा ड्रॉटनिंगहोमचा राजवाडा तिने १६६२ पासून बांधून घेतला. आज स्वीडनचं राजकुटुंब तिथे राहतं.

‘हुंड्यात बेटं दिली.’

ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांबद्दल हे सांगितलं जातं. दिली नव्हती, गहाण ठेवली होती. १४६८ च्या करारात डेन्मार्क-नॉर्वेच्या पहिल्या क्रिस्टियानने मुलगी मार्गारेटसाठी स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला ६०,००० ऱ्हाइन गिल्डर हुंडा कबूल केला. ५०,००० साठी ऑर्कनी तारण. उरलेल्या १०,००० पैकी २,०००च जमले, म्हणून १४६९ मध्ये ८,००० साठी शेटलंडही तारण. १४७२ मध्ये स्कॉटलंडने ही बेटं आपल्या गादीला जोडून टाकली. डेन्मार्क नंतर पिढ्यान्‌पिढ्या पैसे भरून सोडवायला तयार होता. १५८९ मध्ये ॲनच्या लग्नाच्या वाटाघाटीतही हा विषय निघाला आणि पुढे ढकलला गेला. हुंड्यापायी गहाण टाकलेलं शेत सावकाराच्या घशात जावं, तशी ही गोष्ट आहे. ती दिलदारपणाची म्हणून सांगणं चूक.

‘नात्यात लग्नं करून वेडी होऊन संपली.’

हे स्पेनच्या हॅब्सबुर्ग घराण्याचं उत्तरेला चिकटवलेलं आहे. तिथे मामा-भाचीची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या झाली आणि १७०० मध्ये निपुत्रिक दुसऱ्या कार्लोसबरोबर वंश संपला. उत्तरेकडे धर्मसुधारणेनंतर, म्हणजे ही राज्यं कॅथलिक चर्चपासून फुटल्यावर, प्रोटेस्टंट सोयरीक शोधावी लागे. पण जर्मनीत मेक्लेनबुर्ग, ब्राउनश्वाइग, सॅक्सनी, हेसे, ब्रांडेनबुर्ग अशी प्रोटेस्टंट घराणी भरपूर होती, त्यामुळे मुलगी आणायला घरं पुरेशी होती. डेन्मार्कमध्ये १५३४ पासून १८३९ पर्यंत गादी न चुकता बापाकडून मुलाकडे गेली. सातवा क्रिस्टियान मनाने आजारी होता हे खरं आहे. पण त्याची आई लंडनच्या राजघराण्यातली, बाप कोपनहेगनचा. ते चुलत-मावस भावंडं नव्हते.

आता भाऊबंदकीच्या तुलनेकडे येते, कारण मजकुराचा रोख तिकडेच आहे. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या सख्ख्या चुलत भावांचा तंटा १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला. गॉटॉर्पचा तंटा १५४४ च्या वाटणीपासून धरला तर मिटायला २२९ वर्षं लागली. आणि मिटवला तो तिसऱ्याच देशाने.

तो दोन वर्षांचा मुलगा आठवत असेल, कार्ल फ्रेडरिक. १७१८ मध्ये मामा बारावा चार्ल्स बिनवारस मेला. थोरल्या बहिणीचा मुलगा म्हणून स्वीडनच्या गादीवर याचा हक्क होता, पण सरदारांनी धाकटी बहीण निवडली. १७२० मध्ये स्वीडनने गॉटॉर्पची पाठराखण सोडली आणि श्लेस्विगचा त्याचा वाटा डेन्मार्कने कायमचा घेतला. दोन्हीकडून नागवलेल्या या तरुणाने १७२५ मध्ये रशियाच्या पीटरची मुलगी ॲना हिच्याशी लग्न केलं. तिच्या पोटी कील शहरात जन्मलेला मुलगा १७६२ मध्ये रशियाचा झार तिसरा पीटर झाला. गादीवर आल्या आल्या त्याने काय केलं? बापाचं श्लेस्विग परत घ्यायला डेन्मार्कविरुद्ध रशियन फौज काढली. सैन्य मेक्लेनबुर्गपर्यंत पोचलं होतं, तेवढ्यात बायको कॅथरिनने त्याला पदच्युत केलं म्हणून युद्ध टळलं. कॅथरिनची आईदेखील गॉटॉर्पचीच. १७७३ मध्ये कॅथरिनच्या राजवटीत मुलगा पावेल याने होल्स्टाइनमधला वाटा डेन्मार्कला सोडला, आणि बदल्यात ओल्डेनबुर्ग नि डेल्मेनहॉर्स्ट घेऊन ते घराण्याच्या धाकट्या फांदीला दिले.

याच कॅथरिनचा सख्खा मामा अडोल्फ फ्रेडरिक रशियाच्या आग्रहाने स्वीडनचा वारस नेमला गेला होता. त्याचा मुलगा तिसरा गुस्ताव, म्हणजे कॅथरिनचा मामेभाऊ. गुस्तावचं लग्न डेन्मार्कच्या सोफिया मागदालेनाशी ठरलं तेव्हा, १७५१ मध्ये, ती पाच वर्षांची होती. दोन वैरी देश जवळ यावेत म्हणून ही सोयरीक. १७८८ मध्ये गुस्तावने आतेबहिणीवर युद्ध पुकारलं. रशियाशी झालेल्या कराराला जागून डेन्मार्कने नॉर्वेकडून स्वीडनवर फौज पाठवली. तेव्हा डेन्मार्कच्या गादीवर होता सोफिया मागदालेनाचा सख्खा भाऊ, आणि ज्या राज्यावर त्याची फौज चालून गेली त्याची राणी होती ती. १७९० मध्ये फिनलंडच्या आखातात झालेल्या आरमारी लढाईच्या तोफा पीटर्सबर्गपर्यंत ऐकू येत होत्या. ऑगस्टमध्ये व्हेरेलेचा तह झाला, आणि एक इंचही जमीन इकडची तिकडे झाली नाही.